घोगरी हाळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मला ज्यांनी ती सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ज्यांच्याकडून ऐकली ते तर असलं काही विचारलं की चिडायचे. लहानांनी मांडी घालून ऐकावी. थोरांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण यातली चूक थोराचीच आहे.

दोन डोंगर होते, एकमेकांकडे तोंड करून बसलेले. दोघांच्या माथ्यावर एकेक गाव. मधे खोल दरी आणि दरीच्या तळाला नदी. अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावातला चुलीचा धूर दिसायचा, वाळत घातलेलं लुगडं दिसायचं. पण तिथं जायचं म्हटलं की अडीच दिवस लागायचे. दिवसभर डोंगर उतरून नदीच्या कडेकडेनं, ती पायी ओलांडता येते त्या उतारापर्यंत जायचं, छातीभर पाण्यातून पलीकडे व्हायचं आणि मग दीड दिवस चढत राहायचं. रोज उठून असं कोण करणार?

म्हणून त्या लोकांनी हाळीची रीत काढली होती. संध्याकाळी गुरं परत आली, की ज्यांची मुलगी पलीकडे दिलेली असे ते कड्यावर जायचे. तिथं प्रत्येक घराचा एक दगड ठरलेला होता. त्यावर उभं राहायचं, तोंडाभोवती हात धरायचे आणि लांबवून हाक द्यायची. पलीकडे मुलगी तिच्या दगडावर येऊन थांबलेली असायची.

"बरी आहेस का गंऽ?"

"बरी आहेऽ. तुम्ही?"

"बरे आहोतऽ."

झालं. मग पुढच्या घराची पाळी.

हाळीचे नियमही होते. एका घराच्या हाळीला दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याच्या घरातलं काही हाळीत बोलायचं नाही, कारण दोन्ही डोंगर कान देऊन ऐकत असतात. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की माहेरच्या दगडावरून "ये गं" अशी हाळी आल्याशिवाय मुलीनं माहेरी यायचं नाही. मला विचाराल तर हा नियम खुळचट होता. पण नियम करणारे मला विचारायला आले नव्हते.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून म्हणाल सांगितली नाही. एवढ्या लांबून शब्द धड पोचत नाहीत. निम्मेअर्धे वाऱ्यावर जातात. पोचतो तो आवाज. मुली आवाजावरूनच ओळखायच्या, हे आपले आबा, ही शेजारची काकू. शब्द काय, रोजचेच असायचे.

अलीकडच्या गावात एक दोरवळ्या राहायचा. अंबाडीच्या सालीच्या तंतूंचे, म्हणजे वाखाचे, दोर वळायचा, विहिरीचे, मोटेचे, गुरांच्या दाव्यांचे. माणूस सरळ, कामाला पक्का, पण आवाज असा की गोणपाट फरशीवर ओढल्यासारखा. तो "जेवलात का?" विचारायचा तरी समोरच्याला वाटायचं, आपलं काही चुकलं.

त्याला एकच मुलगी, हौसा. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच, आणि कामालाही दोघंच. दोर वळणं एकट्याचं काम नाही. एका टोकाला आकडा फिरवणारं कोणीतरी लागतं आणि दुसरा माणूस वाख सोडत सोडत मागं मागं जातो. हौसा आकड्यापाशी बसायची. बाप अंगणातून उलट्या पावलांनी मागं मागं चिंचेपर्यंत जायचा. डोळे मुलीकडे.

"पीळ दे गं."

"दिला."

"आणखी दे."

"दिला हो आबा, तुमचा दोर आहे का गजरा, किती नाजूक करताय?"

अशी चौदा वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, आणि पलीकडच्या गावातलं चांगलं घर बघून त्यानं तिचं लग्न करून दिलं.

वरात अडीच दिवसांची वाट चालून पलीकडे पोचली, तो दिवस. बाप सकाळी नेहमीसारखा दोर वळायला बसला. आकडा फिरवायला कोणी नव्हतं. त्यानं दोराचं टोक चिंचेला बांधलं आणि आकडा स्वतः फिरवायला लागला. टोक सुटलं. पुन्हा बांधलं. पुन्हा सुटलं. दुपारपर्यंत सगळा वाख अंगणभर पसरला आणि तो त्यात बसून रडला. रडायची सवय नव्हती, त्यामुळे रडून झाल्यावर त्याला कसलातरी राग आला. कशाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तो कड्यावर गेला. पलीकडे नवं हिरवं लुगडं नेसून हौसा तिच्या दगडावर उभी होती. तिची पहिली हाळी. दोन्ही गावं कौतुकानं ऐकत होती.

"आबाऽ, बरे आहात काऽ?"

त्यानं तोंडाभोवती हात धरले. तोंडातून निघालं ते असं, "आहे तसा आहे. तुझं घर आता तिकडं झालं. इकडं हाका मारू नकोस."

मघाशी म्हणालो ना, शब्द निम्मे वाऱ्यावर जातात? त्या संध्याकाळी नेमका वारा पडला होता. एकूण एक शब्द पोचला. पलीकडची हौसा जागची हलली नाही. पुढच्या घराची पाळी होती, पण त्यांनाही हाक द्यायला सुचेना. मग हिरवं लुगडं हळूहळू दगडावरून उतरलं आणि घरांमागं गेलं.

दोरवळ्या आपल्या दारापर्यंतही पोचला नव्हता आणि त्याला पस्तावा झाला. शेजारच्या धोंडाआत्या त्याची वाट अडवून उभ्याच होत्या. म्हाताऱ्या, बोलायला तिखट, पण हौसाला लहानपणी त्यांनीच न्हाऊमाखू घातलेलं.

"आत्ताच्या आत्ता परत जा," त्या म्हणाल्या. "ती अजून अंगणातच असेल. नुसतं 'हौसे' म्हण. बाकीचं ती समजून घेईल."

"कुठल्या तोंडानं म्हणू?" तो म्हणाला.

"तुला तोंडं किती आहेत? ज्या तोंडानं बोललास त्याच तोंडानं."

तो मान हलवत राहिला. "नाही आत्या. हे तोंडच वाईट आहे. घसा असा, जीभ अशी. चांगलं बोलायला गेलो तरी दगड पडतो. आधी मी स्वतःला सुधारतो. नीट बोलायला शिकतो. मग तिला अशी हाळी देईन की ती आजचं सगळं विसरेल."

आता हा विचार वाईट होता का? नव्हता. म्हणूनच तर फसायला झालं. वाईट विचार असता तर आत्यांनी काठी घेतली असती. स्वतःला सुधारतो म्हणणाऱ्याला कोण काय बोलणार? आत्या पुटपुटत घरात गेल्या.

आठ दिवस पलीकडून हाळी आली नाही. नवव्या दिवशी हौसा पुन्हा दगडावर आली. बापानं सांगितलं होतं हाका मारू नकोस, तरी तिनं मारली. "आबाऽ." एवढीच. आणि थांबली. दोरवळ्या चिंचेच्या बुंध्याआड उभा होता. त्याचं सगळं अंग तिकडे धावत होतं. पण त्यानं मनाशी म्हटलं, इतक्यात नको. अजून घसा तोच आहे.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. रोज यायची. रोज तो बुंध्याआडून ऐकायचा, तिच्या आवाजात खोकला आहे का, दमल्यासारखी वाटते का, ते कानात साठवायचा आणि घरी येऊन तेवढ्यावर जेवायचा.

पहिल्या वर्षी त्यानं घसा हाती घेतला. तंबाखू सोडली, मिरची सोडली. सकाळी मध, दुपारी ज्येष्ठमध, संध्याकाळी कोमट पाणी. रागही सोडला. गुरानं वाख खाल्ला तरी तो नुसता हसायचा. गावात लोक म्हणायला लागले, माणूस बदलला हो.

त्याच्या चिंचेवर एक कावळा राहायचा. घरट्यासाठी वाख चोरायची त्याची जुनी खोड, त्यामुळे दोघांची ओळख होती. तो एकदा खाली उतरून म्हणाला, "काय रे, आजकाल शिव्या देत नाहीस. बरा आहेस ना?"

"मी सुधारतोय," दोरवळ्या म्हणाला.

"कोणासाठी?"

"हौसासाठी."

"तिला कळवलंस का तसं?"

"पूर्ण सुधारलो की कळवीन."

कावळ्यानं मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, चोचभर वाख उचलला आणि उडून गेला.

दुसऱ्या वर्षी तो बाजारगावच्या एका बुवांकडे जायला लागला. बुवा कथा सांगायचे, आवाज लोण्यासारखा. मठाच्या विहिरीला लागतील तेवढे दोर द्यायचे आणि त्यांनी बोलायला शिकवायचं, असं ठरलं. श्वास कुठं घ्यावा, शब्द कुठं लांबवावा, कुठं थांबावं, सगळं बुवांनी शिकवलं. पहिला शब्द मंगल असावा म्हणाले, एकदम नाव घेऊन हाक मारणं बरं दिसत नाही म्हणाले. आणि घसा एकदा मुळापासून मोकळा व्हावा म्हणून त्यांनी चाळीस दिवसांचं मौन सांगितलं.

मौनाचा एकतिसावा दिवस होता. संध्याकाळी हौसा दगडावर आली ती लाल दुपट्यात काहीतरी गुंडाळून. दोन्ही हातांनी तिनं ते वर धरलं. उन्हात ते लाल दुपटं स्पष्ट दिसत होतं.

"आबाऽ, मुलगी झालीऽ."

दोरवळ्या बुंध्याआडून बाहेर आला. धावत कड्यापर्यंत गेला. दगडावर एक पायही ठेवला. तोंड उघडलं. आणि त्याला आठवलं, नऊ दिवस राहिलेत. आत्ता बोललो तर एकतीस दिवस पाण्यात जातील, आणि निघेल तो हाच घोगरा आवाज. नात झाली त्या दिवशीही तिनं हेच ऐकावं का?

त्यानं तोंड मिटलं. हौसाला एवढ्या लांबून इतकंच दिसलं, की माहेरच्या दगडापाशी आबा आले आणि काही न बोलता परत गेले.

मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली आहे. इथं आलं की लहान मुलं म्हणतात, मग त्यानं मौन मोडलं का नाही? मोठी माणसं तसं विचारत नाहीत. ती आपापल्या पायांकडे बघतात.

तिसऱ्या वर्षी त्याचा आवाज खरोखर सुधारला. खोटं कशाला सांगू? ऐकत राहावंसा झाला. बारशाला लोक त्याला बोलवायला लागले. भावाभावांत तंटा झाला की म्हणायचे, दोरवळ्याला आणा, तो गोड शब्दांत मिटवील. आणि तो मिटवायचाही. फक्त स्वतःची हाळी तेवढी राहिली होती. ती तो रात्रंदिवस जुळवत होता. सात वाक्यं झाली होती. पाण्याच्या हंड्यासमोर बसून म्हणायचा. मग वाटायचं, तिसरं वाक्य आधी यायला हवं. ते आधी आणलं की पाचवं लंगडं वाटायचं. आज म्हणू, उद्या म्हणू, दिवाळीला म्हणू, संक्रांतीला म्हणू.

दिवाळीला इतर मुली माहेरी यायच्या आणि परत पलीकडे जायच्या. जाऊन त्या हौसाला सांगायच्या, "तुझे आबा बरे आहेत हो. आता किती गोड बोलतात सगळ्यांशी. आमच्या घरचं भांडण त्यांनीच मिटवलं." त्यांना वाटायचं, ऐकून तिला बरं वाटेल. हौसा ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं झालं." मग मुलीला काखोटीला मारून दगडावर जायची आणि बराच वेळ नुसती उभी राहायची. सगळ्यांशी गोड बोलतात. माझ्याशी एक शब्द नाही.

हाका विरळ होत गेल्या. आधी रोज होत्या, मग आठवड्याला, मग सणावारी. चौथ्या वर्षी दिवाळीला तिनं एकदा हाक दिली. त्यानंतर दिली नाही.

दोरवळ्याला ते महिन्यानं ध्यानात आलं, कारण त्या महिन्यात तो सातवं वाक्य घासत होता. ध्यानात आलं तसा तो शेजारी धावला. तो धोंडाआत्यांना म्हणाला, "आत्या, झालंय माझं. उद्या हाळी देतो."

"दे बाबा," आत्या म्हणाल्या. "मी मरायच्या आत दे."

सगळं गाव कड्यावर लोटलं. दोरवळ्या चार वर्षांनी त्या दगडावर चढला. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं. त्यानं बुवांनी सांगितला तसा श्वास घेतला आणि सातही वाक्यं म्हटली. मंगल शब्दानं सुरुवात, मग क्षमा, मग वात्सल्य, शेवटी घरी यायचं आमंत्रण. दरीत वारा होता. तरी आवाज असा गेला, की पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. अलीकडच्या लोकांनी डोळे पुसले.

पलीकडून उत्तर आलं नाही.

तिच्या दगडाजवळ एक बाई आलेली दिसली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि निघून गेली. ती हौसाच होती, एवढं लांबूनही बापाला कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा हाळी दिली. तिसऱ्या दिवशीही दिली. ती यायची, ऐकायची, जायची.

तो घरी येऊन चिंचेखाली बसला. "तिनं मला टाकलं," तो म्हणाला. जवळ कोणी नव्हतं, कावळा तेवढा होता.

कावळा खाली उतरला. "राग मानू नकोस," तो म्हणाला. "माझा आवाज कसा आहे, तुला माहीत आहे. आयुष्यात कोणी म्हटलं नाही, कावळेबुवा, पुन्हा एकदा म्हणा. पण मी ओरडलो की घराघरातल्या बायका म्हणतात, कावळा ओरडला, कोणीतरी येणार. तुझा आवाज एवढा गोड झाला. कोण आलं?"

दोरवळ्या उठला. मग त्यानं खांद्यावर घोंगडी टाकली, भाकरी बांधली आणि अडीच दिवसांची वाट धरली. ही वाट चार वर्षं तिथंच होती. पण नीट बोलता आल्याशिवाय समोर कसं जायचं, म्हणून त्यानं ती कधी धरली नव्हती.

पौष महिन्याची थंडी होती. नदीच्या उतारावर पाणी छातीला लागलं आणि मधे पाय घसरून तो गळ्यापर्यंत बुडाला. पलीकडच्या काठाला लागला तेव्हा दात वाजत होते. सगळी रात्र ओल्या घोंगडीत गेली. सकाळी त्यानं पहिलं वाक्य म्हणून बघितलं. घशातून नुसती घरघर आली. मध, ज्येष्ठमध, मौन, बुवा, सगळं एका रात्रीत गेलं होतं. गोणपाट पुन्हा फरशीवर आलं होतं, आणि या वेळी ओलं.

तरी तो चढत राहिला, कारण परतायची वाटही तेवढीच लांब होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पलीकडच्या गावाच्या खाली पोचला. वर कडा दिसत होता, कड्यावर दगड दिसत होते. तिथंच एका झुडपापाशी तो मटकन बसला. सात वाक्यं पाठ होती आणि आवाज नव्हता. असं जाऊन काय उपयोग? चार वर्षांपूर्वी होतो तसाच आलो, असं तिला वाटेल. गावात कुठं ओसरीवर पडून राहावं, घसा सुटला की मग समोर जावं, असं त्याच्या मनात यायला लागलं. बघा, अजूनही.

इतक्यात हाळीची वेळ झाली. वर एकेक जण दगडावर येऊन आपापल्या माणसांशी बोलून गेले. सगळ्यात शेवटी हौसा आली. अंगानं भरली होती, चेहरा थकला होता. हाताला धरलेली तीन वर्षांची मुलगी. तिनं हाक दिली नाही. नुसती माहेरच्या डोंगराकडे बघत राहिली. तिथली चिंच एवढ्या लांबून ठिपक्यासारखी दिसते, तिकडे बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मुलीला म्हणाली, "चल बाळा."

तिची पाठ फिरली, आणि दोरवळ्याला काही सुचलं नाही. वाक्यं आठवली नाहीत, श्वास घ्यायचा राहिला.

"हौसे."

घोगरं, फाटकं, निम्मं खोकल्यात गेलेलं. हौसा थांबली. वळली. खाली दरीत बघितलं.

"आबा?"

"बरा आहे गं," तो म्हणाला. चार वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं तेव्हा दिलं.

ती कशी उतरली, तिलाही आठवत नाही. काटे, दगड, काही बघितलं नाही. येऊन तिनं त्याचे दोन्ही हात धरले, वाखानं घट्टे पडलेले, आणि ते तोंडावर घेऊन रडली. तोही रडला. 

मग तो म्हणाला, "मी तीन दिवस हाळी दिली. तू उत्तर दिलं नाहीस."

"तुम्ही?" हौसा त्याच्याकडे बघत राहिली. "ते तुम्ही होतात? कड्यावर एवढी गर्दी, पागोटंवाला कुठल्या दगडावर आहे ते दिसेना. मला वाटलं, आपल्या गावात कोणी बुवा आलेत. किती गोड आवाज. शब्द काही कळले नाहीत, पण मनात आलं, ज्या मुलीला हा बाप हाक मारतोय ती किती सुखी असेल. मला ऐकवेना, म्हणून मी घरी जायचे."

दोरवळ्यानं डोक्याला हात लावला.

"सात वाक्यं होती," तो म्हणाला. "तुझी क्षमा मागितली होती. त्या दिवशी दोर चिंचेला बांधला होता गं. तो सारखा सुटत होता. तू नव्हतीस, आणि मला ते सांगता येईना. म्हणून तसं तोंडातून गेलं."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," हौसा म्हणाली. "मीही इथं भाकरी थापताना सारखी मागं बघत होते, आबा कुठवर गेले म्हणून. आबा, मी सात वाक्यांची वाट बघत नव्हते. 'बरा आहे' एवढं म्हटलं असतंत तरी दुसऱ्या दिवशीची वाट बघायला मला पुरलं असतं."

हे शब्द तर त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होते. ते शिकायला कोणा बुवांची गरज नव्हती.

वरून लहानगी हळूहळू उतरून आईच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं पदर ओढून विचारलं, "आई, हे कोण?"

"हे तुझे आजोबा."

पोरीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग आईला विचारलं, "जे बोलत नाहीत ते?"

चार वर्षांत दोरवळ्याला कोणी एवढं कठोर बोललं नव्हतं, आणि पोरीनं तर फक्त खरं काय ते विचारलं होतं. तो खाली बसला, तिच्याएवढा झाला. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हो बाळा, तोच मी. तुझं नाव काय?"

नातीचं नाव त्याला माहीत नव्हतं.

दोन दिवस तो लेकीकडे राहिला. जावयानं आदरानं ठेवून घेतलं, घसा शेकायला गरम मीठ दिलं. पण हौसाला त्याच्याबरोबर माहेरी येता येईना. नियम म्हणजे नियम, हाळी माहेरच्या दगडावरूनच यायला हवी. म्हणून तो एकटाच अडीच दिवस चालत परत आला. पुन्हा तीच नदी, पुन्हा तीच थंडी. घसा सुटायचा तो आणखीच बसला. घरी पागोटंही न सोडता तो तसाच कड्यावर गेला आणि दगडावर चढला. या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त धोंडाआत्या काठी टेकत मागून आल्या.

"हौसेऽ, ये गंऽ."

वाऱ्यात दोन्ही शब्द गेले असतील. पण उत्तर लगेच आलं.

"येतेऽ आबाऽ."

धोंडाआत्या म्हणाल्या, "एवढंच होतं ना रे?" आणि तिथंच दगडाला टेकून बसल्या.

हौसा आली, पंधरा दिवस राहिली. सकाळी दोर वळायचं काम निघालं, तेव्हा आकड्यापाशी ती आणि तिच्या मांडीवर नात बसली. दोरवळ्या मागं मागं चिंचेपर्यंत गेला.

"पीळ दे गं."

"दिला," बारीक आवाज आला.

त्याला नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. नातीचं पहिलं रांगणं, पहिलं पाऊल, पहिला शब्द, यातलं काहीच त्याच्या अंगणात झालं नव्हतं आणि आता होणारही नव्हतं. चार वर्षांच्या संध्याकाळी बुंध्याआड गेल्या त्या गेल्याच. पुढं म्हातारा होईपर्यंत त्यानं एकही हाळी चुकवली नाही. त्याचा आवाज पुन्हा कधी गोड झाला नाही, आणि त्यानं मधही घेतला नाही. पण रोज बोलता बोलता जीभ आपोआप मऊ होत गेली, असं हौसा सांगायची. पुढं धोंडाआत्या गेल्यावर ती हाळी ऐकत बसायला कावळा तेवढा उरला.

म्हणून ध्यानात ठेवा, आपल्या माणसाशी बोलण्यासाठी आधी चांगलं व्हावं लागत नाही. त्याच्याशी बोलता बोलताच माणूस चांगला होतो.